सिझेरियननंतर वापरलेला पोटाचा पट्टा
सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी पहिल्यांदा उभे केले तेव्हा टाक्यांतून उठलेली कळ या पट्ट्याने नाहीशी झाली नाही. मात्र खोकताना, कुशीवर वळताना आणि बाळाला घेऊन चालताना पोटाला जो आधार मिळाला, त्याने मला खरोखर धीर आला. अस्तर सुती आहे, परंतु बसल्यावर खालची कड नेमकी टाक्यांवर घासते, म्हणून मी आत मऊ धुतलेले कापड ठेवत असे. माप बाळंतपणानंतरच्या पोटाचेच घ्यावे. पट्ट्याने सुटलेले पोट आत जाते, हा वेष्टनावरील दावा मला मान्य नाही. जखम भरून येण्यास साधारण ६ आठवडे लागतात आणि स्नायूंची ताकद डॉक्टरांना विचारून केलेल्या व्यायामानेच परत येते.