44,620 रुपये भरले, आणि द्राक्षमळ्याच्या गेटवर कळलं की बुकिंगच नाही

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनवाल्यांच्या द्राक्षमळ्यांत राहायची सोय झाली आहे, हे इंदुरात आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आग्रा-मुंबई रस्त्याने चारशेएक किलोमीटर, सकाळी निघालं की संध्याकाळी पोचता येतं, म्हणून दिवाळीत, नाताळात इकडची मंडळी तिकडे वळतात. त्यांच्यासाठीच हे लिहितेय. आमचे 44,620 रुपये गेले आहेत, आणि ज्या जाहिरातीवरून गेले ती अजून चालू आहे.

आम्ही काही भोळीभाबडी माणसं नाही, हे आधीच सांगते. ह्यांचं सियागंजात हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर यूपीआयवर पैसे येतात-जातात. केवायसी बंद होतंय, पार्सल अडकलंय, असले फोन घरातल्या सगळ्यांना ओळखता येतात. इथे कोणी ओटीपी मागितला नाही, कुठलं अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं नाही. त्यांनी आम्हाला फोनसुद्धा केला नव्हता. आम्ही त्या जागेचं नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर स्वतः फोन लावला. बँका ज्या ज्या गोष्टींचे इशारे पाठवतात त्यातलं एकही घडलं नाही. तेव्हा 'लिंकवर क्लिक केलं असेल हिने' असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांनी पुढचं नीट वाचावं. वर 'प्रायोजित' लिहून येतं ती जागा पैसे देणाऱ्या कोणालाही मिळते. नकाशावरचा फोन नंबरही परका माणूस 'दुरुस्ती सुचवा' म्हणून बदलवून घेऊ शकतो. हे मला आता कळलं.

आई-बाबांच्या, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांच्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून हा घाट घातला होता. बाबांची पहिली नोकरी नाशिकची. त्यांना पुन्हा तो भाग बघायचा होता. दोन कॉटेज, दोन रात्री, भाऊबीज झाली की निघायचं.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. मी मराठीत सुरुवात केली तर म्हणाला, 'मॅडम, हिंदी में बताइए, सेंट्रल रिज़र्वेशन से बोल रहा हूँ.' एका कॉटेजचे रात्रीचे 8,500, म्हणजे 34,000, वर 18 टक्के जीएसटी 6,120. एकूण 40,120. कर सोडून निम्मे, म्हणजे 17,000, आगाऊ. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर 18 टक्केच कर लागतो, तेव्हा हिशेबात बोट ठेवायला जागाच नव्हती. मी 17,000 पाठवले.

थोड्या वेळाने त्याचा फोन. 'मॅडम, एंट्री फेल हो गई. टैक्स साथ में आना चाहिए था.' आता राहिलेली रक्कम आणि कर मिळून 23,120 एकदम टाका, सिस्टम ती घेईल आणि आधीचे 17,000 आपोआप परत येतील. मी तेही टाकले. परत काही आले नाहीत तेव्हा मीच चिडून फोन केला. त्यावर तो म्हणाला की ठीक आहे, आपण हे पूर्ण पेमेंट धरू, तुम्हाला गेटवर काहीच द्यायचं नाही. 17,000 आणि 23,120, बेरीज बरोबर 40,120. माझ्या हिशेबाने एक रुपयाही जास्त गेला नव्हता, मग शंका कशाची घ्यायची? ही त्यांची आकडेमोड आहे, ती आधीच ठरवलेली असते. आधीचे पैसे परत मिळण्यासाठी आणखी पैसे भरा असं कोणीही म्हणालं की फोन ठेवून द्या. पुढचं ऐकूच नका.

आणि पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा. जागेचं किंवा कंपनीचं नाव दिसायला हवं, तिथे एका माणसाचं नाव होतं. मी विचारलं होतं, हेही सांगते. 'हमारे अकाउंट्सवाले सर हैं' असं उत्तर मिळालं. सियागंजातले निम्मे व्यापारी स्वतःच्या नावावर पैसे घेतात, त्यामुळे मला ते खरं वाटलं.

पण ज्या गोष्टीने अजून रात्री झोप लागत नाही ती दुसरीच आहे.

पैसे गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. वर त्या जागेचं बोधचिन्ह, खाली आमची नावं, चेक-इनची वेळ, बाबांसाठी लिहायला सांगितलेलं 'कमी तिखट' सुद्धा. तळाला जीएसटी नंबर, पंधरा अक्षरी, अगदी खऱ्यासारखा. ह्यांनी दुकानातल्या प्रिंटरवर त्याच्या दोन प्रती काढल्या, फाइलला लावल्या. त्या नंबरची सुरुवात 08 ने होती. 08 राजस्थानचा कोड आहे. महाराष्ट्राचा 27. आमच्या दुकानाच्या प्रत्येक बिलावर मध्य प्रदेशचा 23 असतो, मुंबईहून, भिवंडीहून येणाऱ्या मालाच्या बिलांवर 27 असतो, आणि ते आकडे वर्षानुवर्षं ह्यांच्या डोळ्यांखालून जातात. तोच माणूस तो कागद हातात घेऊन, पंच मारून, फाइलला लावतो आणि कोणाचंच लक्ष जात नाही! दोन आकडे! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कोणताही नंबर टाकून नाव बघता येतं, मिनिटभराचं काम. परतल्यावर ह्यांनी टाकून बघितलं. कुठल्यातरी मार्बलवाल्याचा नंबर निघाला, त्या बिचाऱ्यालाही याचा पत्ता नसणार. पण मी विचारते, आई-वडिलांना घेऊन सुट्टीला निघालेला माणूस व्हाउचरवरचा जीएसटी नंबर तपासतो का? नाही तपासत. यापुढे तपासा.

उरलेले 4,500 द्राक्षं तुडवण्याचे. मोठ्या टबात द्राक्षं टाकून पायांनी तुडवायची, त्याचे व्हिडिओ लेकीने पाहिले होते. मी विचारलं तर तो लगेच म्हणाला, हो, आहे ना, माणशी 1,500. आम्ही तिघं, 4,500. यासाठी वेगळा क्यूआर कोड पाठवला, त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव. हे सगळं नंतर माझ्या मामेभावाला फोनवर सांगत होते, त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. तो मधेच थांबवून म्हणाला, 'ताई, दिवाळीत कसली द्राक्षं? आत्ता तर छाटण्या चालल्यात.' एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, तिथून साडेतीन-चार महिन्यांनी माल तयार. वाइनची द्राक्षंसुद्धा जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. म्हणजे ज्या माणसाने दिवाळीत द्राक्षं तुडवायचे पैसे घेतले त्याने वेल कधी पाहिलेलासुद्धा नव्हता. भावाला आधी एक फोन केला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण हॉटेल बुक करायला कोणी शेतकऱ्याला विचारत नाही.

बिजासन घाटात ट्रकांची रांग लागली म्हणून पोचायला अंधार झाला. गेटवरच्या माणसाने कागद बघितला आणि काही न बोलता आत फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने बुकिंग नंबर टाकून पाहिला, आमचा मोबाईल नंबर टाकून पाहिला, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. आमचं नाव कुठेच नव्हतं. 'मॅडम, असे याआधीही लोक आलेत,' ती म्हणाली. त्यांच्या वेबसाइटवर तशी सूचना आहे म्हणे. ज्यांना तुमची खरी वेबसाइट सापडली त्यांना त्या सूचनेची काय गरज? आई गाडीतच बसून होत्या, त्यांना हे सांगायचं कसं, हे मला समजेना. बाबा फक्त म्हणाले, 'सूनबाई, चला, गावात काहीतरी मिळेल.' सुट्टीची गर्दी, एका लॉजमध्ये दोन खोल्यांचे 7,800 मोजले. ते त्या 44,620 मध्ये धरलेले नाहीत.

आता पुढचं, ज्याचा मला त्या ठगापेक्षा जास्त राग आहे.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच रात्री तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते. म्हणून माझं सांगणं, पैसे भरल्या भरल्या जागेच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर काढा, तिथे फोन करून बुकिंग आहे ना हे विचारा. आम्ही असं केलं असतं तर पैसे अडले असते.

सकाळी तिथल्या ठाण्यात गेलो तर उत्तर, पैसे इंदूरहून गेले, तिकडे तक्रार करा. इंदूरला आलो तर इथल्या ठाण्यात, 'होटल महाराष्ट्र का है, वहीं लिखवाइए.' ह्यांनी दुकान बंद ठेवून चकरा मारल्या. कोणी म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत, कोणी म्हणे पन्नास हजारांच्या आतल्याचं आम्ही बघत नाही. हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हटलं, तर आवाज चढवला. जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायलाच हवी. माझ्या भाच्याने ते कलम छापून दिलं. ते टेबलावर ठेवलं तेव्हा हवालदार म्हणाला, 'आप तो पढ़े-लिखे हो, फिर कैसे फँस गए?' चारचौघांत, ह्यांच्या तोंडावर. चोर कोण, हा प्रश्न त्या खोलीत एकदाही निघाला नाही. सगळे प्रश्न आम्हाला.

बँकेचं तर एकच पालुपद, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. पण पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेनेच उघडलं ना? आधार, पॅन, फोटो घेऊनच उघडलं असेल. खातेदाराचं नाव माझ्या मोबाईलवर दिसतंय, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर माझ्याकडे आहे, आणि तरी तो माणूस कोण हे मला कोणी सांगणार नाही, कारण ती 'ग्राहकाची गोपनीय माहिती' आहे. चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे तयार. शेवटी कळलं की पैसे तिथून आणखी एका खात्यात जाऊन एटीएममधून निघाले, 3,260 रुपये तेवढे होल्ड झालेत. तेही हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाची फी त्याहून जास्त होईल.

व्हाउचर, स्क्रीनशॉट, चॅट, काही पुसू नका. चॅट लगेच एक्सपोर्ट करून ठेवा, त्याने 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं की तुमच्या हातात काही उरत नाही. माझं अर्धं असंच गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोधचिन्हाला काही किंमत नाही, ते कोणीही लावतं.

काल पुन्हा तेच नाव शोधलं. तीच जाहिरात, तेच कॉटेजचे फोटो, फक्त फोन नंबर बदललाय आणि रात्रीचा दर 7,999 झालाय. जाहिरातीखाली तक्रारीचं बटण असतं, ते मी दाबलंय, घरातल्या सगळ्यांना दाबायला लावलंय. आता जानेवारी-फेब्रुवारीत खरा द्राक्षांचा हंगाम येईल, तेव्हा गर्दी याहून वाढेल.

मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे, अर्ज देणार आहे, सोबत यूटीआर नंबर आणि 08 वाल्या व्हाउचरची प्रत. इंदूर, देवास, उज्जैनकडच्या आणखी कोणाचे पैसे असेच गेले असतील तर कागद घेऊन माझ्यासोबत या. एकट्याच्या 44,620 ला ते हाकलून देतात, दहा जणांचे अर्ज एकदम टेबलावर आले तर त्यांना नोंदवून घ्यावेच लागतील.