माशाच्या आतले दोन केसाळ घुसखोर: टेट्राहायमेना आणि मियामिएन्सिस

दोन्ही एकपेशीय, अंगभर सूक्ष्म केसांनी पोहणारे. दोघांनाही जगायला मासा लागतोच असं नाही. पाण्यातले जीवाणू खाऊनही त्यांचं भागतं. संधी मिळाली की मात्र ते आत शिरतात.

टेट्राहायमेना गोड्या पाण्यातला, गप्पी माशांचा जुना वैरी. कातडीवर पांढुरके चट्टे, उभे राहिलेले खवले, मग स्नायू आणि आतले अवयव. याच कुळातल्या एका निरुपद्रवी जातीवरच्या कामाला 2009 चं नोबेल मिळालं, हे मला फार विलक्षण वाटतं.

मियामिएन्सिस खाऱ्या पाण्यातला. 1964 मध्ये समुद्रघोड्यांवरून त्याची नोंद झाली. आज कोरिया-जपानमधल्या चपट्या फ्लाउंडर माशांच्या शेतीत तो मोठी मर घडवतो. तो मेंदूपर्यंत पोचतो. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटाकडे एक लांब केस दिसतो, आणि पेशीतल्या अन्नपुटिकांत (अन्न पचवणाऱ्या छोट्या पिशव्यांत) गिळलेल्या माशाच्या रक्तपेशी.

माझ्या मते जास्त घातक मियामिएन्सिसच. पण आत शिरल्यावर दोघांवरही औषध जवळपास चालत नाही. पाण्यात टाकलेलं औषध बाहेरच्यांनाच मारतं. म्हणून गर्दी कमी ठेवा, कुजणारं अन्न रोज काढा, मेलेला मासा तत्काळ बाहेर घ्या.