इन-एन-आउटचा डबल-डबल : काय मागवावे आणि कसे

चीजबर्गर अमेरिकेत जवळपास प्रत्येक हमरस्त्यावर मिळतो. परंतु या साध्या पदार्थात प्रमाणाला किती महत्त्व आहे हे अनुभवायचे असेल, तर कॅलिफोर्नियातील इन-एन-आउट बर्गरमध्ये जाऊन डबल-डबल खावा, असे मी आग्रहाने सांगेन. हॅरी आणि एस्थर स्नायडर या दाम्पत्याने १९४८ मध्ये बाल्डविन पार्क येथे हे दुकान सुरू केले, आणि गाडीतून न उतरता ध्वनिक्षेपकावरून ऑर्डर देण्याची सोय तेथे तेव्हापासूनच होती. फलकावर आजही मोजकेच पदार्थ असतात.

डबल-डबलमध्ये गोमांसाच्या दोन पातळ पॅटी आणि अमेरिकन चीजचे दोन काप असतात. टोमॅटो, लेट्यूस आणि गुलाबीसर, आंबटगोड स्प्रेड हे सारे पॅटीच्या खाली रचलेले असल्याने मांसाचा रस थेट पावात उतरत नाही व पाव शेवटच्या घासापर्यंत टिकतो. अमेरिकन चीजला अनेक खवय्ये नाके मुरडतात. मला मात्र येथे दुसरे कोणतेही चीज नको वाटते, कारण मुरलेले चेडर तापल्यावर तेल सोडते, तर पायसीकारक क्षारांमुळे (स्निग्धांश व पाणी एकजीव ठेवणाऱ्या क्षारांमुळे) अमेरिकन चीज न फुटता वितळते आणि दोन्ही पॅटींना मऊ, खारट थराने बांधून ठेवते.

फलक छोटा असला, तरी नियमित येणाऱ्यांची बोली मोठी आहे. ‘ॲनिमल स्टाइल’ म्हटले की मोहरी लावून भाजलेली पॅटी, काकडीचे लोणचे, परतलेला कांदा आणि जास्तीचा स्प्रेड मिळतो. ‘प्रोटीन स्टाइल’ म्हटले की पावाची जागा लेट्यूसची पाने घेतात. आणि ‘थ्री बाय थ्री’ म्हणजे तीन पॅटी व तीन काप. हे शब्द फलकावर नसतानाही खिडकीतला कर्मचारी ते सहज समजतो, आणि ग्राहक व दुकान यांच्यातील ही जवळीक मला फार मोलाची वाटते.

तरीही पहिल्या खेपेस ॲनिमल स्टाइल मागवू नये. त्या स्प्रेडखाली चीजची चव दबते. परतलेल्या कांद्यासह साधा डबल-डबल घ्यावा. जाड, रसाळ पॅटी आवडणाऱ्यांचे मात्र येथे समाधान होणार नाही. फ्राइज लवकर मऊ पडतात, म्हणून त्या ‘वेल डन’, म्हणजे जास्त वेळ तळून कुरकुरीत केलेल्या, सांगाव्यात. बर्गर ऑर्डर दिल्यावरच तयार होतो. तो घरी नेण्यापेक्षा वाहनतळावरच खावा, कारण चीज थंड होऊन घट्ट झाले की त्याची निम्मी गोडी जाते.