कॉर्गी की शेल्टी? आधी फूटपट्टी काढा

भाच्याने न्यू जर्सीत घर घेतलं, मागे अंगण मिळालं आणि घरात लगेच दोन पक्ष पडले. त्याला शेल्टी हवी, भाचेसुनेला कॉर्गी. एकमत एवढंच की जो कुत्रा येईल त्याला अ‍ॅजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, उतरवायचं. "मावशी, तुझी बुंदी पाच वर्षं पळतेय, तूच सांग," म्हणून फोन आला. बुंदी माझी शेल्टी, तेव्हा माझं माप थोडं तिच्याकडे झुकणार हे धरूनच वाचा.

दोन्ही जाती हाकणाऱ्यांच्या. कॉर्गी वेल्समधला, गुरांच्या टाचांना चावे घेत त्यांना पुढे काढणारा. शेल्टी शेटलंड बेटांवरची, मेंढ्यांमागे धावणारी आणि धावता धावता भुंकणारी. ही खोड रिंगमध्ये जशीच्या तशी उतरते. वळायला तुम्हाला उशीर झाला की कॉर्गी तुमच्या घोट्याकडे बघतो. शेल्टी जागच्या जागी गिरकी घेऊन तुम्हाला चारचौघांत झापते. भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील तर शेल्टीचा विचार दोनदा करा. अंगणातही तिचा आवाज तेवढाच असतो.

लोक विचारतात, वेगवान कोण? मी आधी उंची विचारते. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत खांद्यापाशी उंची मोजतात आणि त्यावरून उडीचा दांडा लागतो. ११ इंचांपर्यंतच्या कुत्र्याला ८ इंच, १४ पर्यंत १२ इंच, १८ पर्यंत १६ इंच. पेम्ब्रोक, म्हणजे कॉर्गीचा नेहमी दिसणारा प्रकार, जातीच्या मापाप्रमाणे १० ते १२ इंच असतो, शेल्टी १३ ते १६. म्हणजे दोघांच्याही मापाच्या मधोमध एकेक रेघ जाते. ११ इंचांचा कॉर्गी ८ इंच उडी मारतो, पण सव्वाअकराचा १२ इंच, म्हणजे स्वतःच्या खांद्याहून वर. तसंच पावणेचौदाची शेल्टी १२ इंचांवर आरामात पळते, सव्वाचौदाची १६ वर. त्या अर्ध्या इंचावर कुत्र्याच्या पुढच्या पायांवर दर आठवड्याला किती भार पडणार ते ठरतं. आणि पूर्ण वाढलेला कॉर्गी साडेतेरा किलोंपर्यंत भरतो. शेल्टी त्यामानाने पिसासारखी.

पिल्लू बघून हा अर्धा इंच कळत नाही. म्हणून ब्रीडरकडे गेलात की रंग मागून विचारा, आधी आईवडिलांची मोजलेली उंची विचारा. एक आतली गोष्ट: १६ इंचांवर गेलेली शेल्टी सौंदर्यस्पर्धेतून बाद होते, अ‍ॅजिलिटीतून नाही. साडेसोळा-सतरा इंचांची शेल्टी १६ चा दांडा स्वतःच्या खांद्याखालून घेते. शो करणाऱ्यांच्या दृष्टीने 'वाढलेलं' पिल्लू आपल्या कामाचं असू शकतं.

रेघेच्या वाईट बाजूला पडलात तरी रस्ता आहे. प्रेफर्ड वर्गात दांडा चार इंच खाली येतो, वेळही थोडा जास्त मिळतो, आणि त्याच्या पदव्या वेगळ्या असतात. काही लोक त्याला म्हाताऱ्या कुत्र्यांचा वर्ग समजतात. लांब पाठ आणि आखूड पाय घेऊन आलेल्या कॉर्गीसाठी मी पहिल्या दिवसापासून तोच धरेन.

इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील तर तिथलं गणित वेगळं. हा खेळ जन्मला तो तिथेच, १९७८ साली क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात, मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून. तिथे रेघ ३५ सेंटिमीटरवर आहे आणि शेल्टीचं आदर्श माप मादीला साडेपस्तीस, नराला ३७. जातीने अगदी बरोबर असलेली शेल्टी तिथे नेमकी वरच्या गटात ढकलली जाते.

आता अडथळे. उड्या, बोगदे दोघांनाही लवकर जमतात. वीव्ह पोल्सना, म्हणजे रांगेतल्या खांबांमधून नागमोडी पळायला, दोघांनाही महिने लागतात, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. खरा फरक सी-सॉवर दिसतो. फळी चढून मध्य ओलांडला की पलीकडचं टोक धाडकन जमिनीवर आपटतं. कॉर्गी जड, फळी लवकर खाली येते, तो खाऊ कुठे आहे बघतो. हलक्या शेल्टीला फळी पडेपर्यंत टोकावर थांबावं लागतं आणि आवाज तिच्या कानाशीच होतो. बुंदीने पहिल्यांदा तो धडाका ऐकला आणि मधूनच उडी मारून पार्किंगकडे पळाली. पुढचे दोन महिने मी स्वयंपाकघरात स्टीलचं ताट उलटं घालून त्यावर तिला पाय आपटायला लावत होते, प्रत्येक आवाजाला चिकनचा एक तुकडा. शेजारच्या बाईंना वाटलं काहीतरी पूजा चालली आहे.

खाऊच्या बाबतीत कॉर्गी सोपा. दाण्यासाठी काहीही शिकेल. पण तोच दाणा पाठीला महाग पडतो. मणक्याच्या चकत्या सरकण्याचा धोका त्याच्या ठेवणीतच आहे, वजन वाढलं की तो आणखी वाढतो. प्रशिक्षणाचा खाऊ जेवणातून वजा करायचाच. शेल्टीत काहींना एमडीआर१ नावाचा जनुकदोष असतो, त्यांना आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं मोठ्या मात्रेत बाधतात. गालातला एक स्वॅब घेऊन तपासणी होते. ती करून कागद व्हेटकडे ठेवा. दोघांच्याही आईवडिलांचे डोळे आणि कंबरेचे सांधे तपासलेले असावेत.

घाई दोघांनाही चालत नाही. स्पर्धेत उतरायला कुत्रा किमान १५ महिन्यांचा लागतो, इंग्लंडमध्ये १८. हाडं पिकेपर्यंत दांडा जमिनीलगत ठेवायचा. बोलावलं की येणं, हँडलरच्या, म्हणजे सोबत पळणाऱ्या माणसाच्या, बाजूने वळणं, टेबलावर थांबणं एवढं शिकवलं तरी वर्ष जातं. पहिली पायरी म्हणून एसीटी (अ‍ॅजिलिटी कोर्स टेस्ट) ही सोपी चाचणी आहे, तिथून नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांचा वर्ग. रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही, हे कॉर्गीवाल्यांना पहिल्याच दिवशी कळतं.

स्पर्धा हाच मुख्य हेतू असेल तर माझं मत शेल्टीला. पण रोज सकाळी अंगणात उतरून शिकवणार कोण, हे फोनवर विचारलं तेव्हा भाचा म्हणाला, "बायकोच." मग निवडही तिचीच.

परवा तिचा मेसेज आला. कॉर्गीच घेताहेत. आई पावणेअकरा इंच, वडील साडेअकरा. मी उत्तरात एकच शब्द लिहिला: प्रेफर्ड.