दाढ काढायची की रूट कॅनाल करून ठेवायची?

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर सांगतात, "कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनाल करू, नाहीतर काढून टाकू." खुर्चीतल्या माणसाला तेव्हा दोनच आकडे ऐकू येतात. साध्या दवाखान्यात दाढ काढायला काहीशे रुपयांपासून हजार-दीड हजार, आणि रूट कॅनाल अधिक कॅप म्हणजे ढोबळमानाने सहा-सात हजारांच्या पुढे. रात्रभर ठणका सोसलेला माणूस म्हणतो, "काढूनच टाका, कटकट नको."

माझ्या मते हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवणंच चूक आहे. रूट कॅनाल आणि कॅपच्या शेजारी ठेवायचं ते दाढ काढणं, अधिक त्या रिकाम्या जागेचं पुढे जे कराल ते.

कारण जागा रिकामी राहत नाही. मधली दाढ गेली की मागची हळूहळू पुढे कलते, समोरच्या जबड्यातली त्या फटीत उतरते. मध्ये अन्न अडकायला लागतं आणि शेजारच्या धडधाकट दातांना कीड लागते. खालचं हाडही झिजतं. पहिल्या वर्षात त्या जागी हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीच झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. म्हणून "दोन-तीन वर्षांनी इम्प्लांट बघू" म्हणणाऱ्यांना तेव्हा कधीकधी हाड भरून घ्यायचाही खर्च येतो. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू. तो रुजायला काही महिने लागतात आणि एका दाताचा खर्च बहुतेक ठिकाणी 25-30 हजारांच्या आसपास किंवा वर जातो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पक्का दात, लवकर होतो, पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात तासावे लागतात. काढता-घालता दात सगळ्यात स्वस्त. तो आणलेल्यांपैकी किती जण रोज घालतात, हे घरातल्या डबीला विचारावं.

आता रूट कॅनाल. भूल देऊन दाढेला वरून भोक पाडतात, आतली नस बारीक फाइलींनी काढतात, मुळांतल्या नळ्या औषधाने धुतात आणि गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. खालच्या दाढेला मुळं बहुधा 2, पण नळ्या 3 किंवा 4 असतात. एखादी सुटली की दुखणं परत येतं. म्हणून घाईत उरकणाऱ्यापेक्षा दोन-तीन सिटिंग घेणारा डॉक्टर बरा असं लोक म्हणतात. एका सिटिंगमध्येही नीट काम होतं. नळ्या सगळ्या सापडल्या का, हे महत्त्वाचं. वेदनेचं खरं सांगायचं तर नस फार चिडलेली असताना खालच्या दाढेला भूल कधीकधी पुरती चढत नाही. तसं वाटलं तर हात वर करा, वाढीव भूल देता येते. नंतर तीन-चार दिवस चावताना दुखतं. कामावर मात्र बहुतेक जण दुसऱ्या दिवशी जातातच.

ठणका थांबला की लोक कॅप टाळतात. कोरलेली दाढ पोकळ झालेली असते. एखाद्या दिवशी चिक्कीचा तुकडा चावताना ती उभी चिरते आणि मग काढण्यावाचून इलाज उरत नाही. कॅपची तयारी नसेल तर दाढ सुरुवातीलाच काढलेली परवडते.

भूल दिल्यावर दाढ काढताना दुखत नाही, दाब जाणवतो. जबड्यात करकर आवाज येतो त्याने घाबरायला होतं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिले 24 तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, बिडी-सिगारेट-तंबाखू बंद. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि सगळं भरून येणं तिच्यावर असतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. मऊ वरण-भात, ताक, थंड पेज चालेल. चुरमुरे आणि तीळ पेरलेली भाकरी काही दिवस राहू द्या, कारण तीळ नेमका तिथेच जाऊन बसतो. दोन-तीन दिवसांनी खड्ड्यावर पांढरट-पिवळा थर दिसतो. अनेक जण तो पू समजून काडीने खरवडतात. तो भरून येण्याचाच भाग असतो, हात लावू नका. खरी धास्ती वेगळी: तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी कानापर्यंत चढलं आणि तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. डॉक्टर खड्डा धुऊन लवंग तेलाची पट्टी भरतात आणि बराच आराम पडतो.

काही वेळा विचार करण्यासारखं फारसं काही नसतं. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या वर दाताचा भागच उरला नसेल, किंवा दात हिरडीच्या आजाराने हलत असेल, तर काढा. आडवी अडकून वारंवार सुजणारी अक्कलदाढ काढणंच बरं, आणि तिच्या जागी काही बसवावं लागत नाही. हाड कापून काढली तर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तोंड कमी उघडतं, टाके साधारण आठवड्याने निघतात; तेवढी रजा धरून चाला. वरचा दात काढला की डोळा अधू होतो, ही भीती मात्र सोडून द्या.

पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईचं नायर दंत महाविद्यालय ही दोन्ही कामं बरीच स्वस्तात करतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या आणि रांग वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेलं औषध असेल, तर ते आधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि आजच ठरवता येत नसेल, तर नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस काढू नका, त्याने नसेचं दुखणं जात नाही. "आज फक्त नस उघडून आराम द्या" असं डॉक्टरांना म्हणता येतं. ते तात्पुरतं सिमेंट भरून देतात, ठणका बहुधा त्याच रात्री उतरतो आणि घरी बसून हिशेब करायला थोडे दिवस मिळतात. थोडेच, ते सिमेंट काही आठवड्यांत झिरपायला लागतं.