समानार्थी शब्दांची कार्डं: कोणता संच घ्यावा आणि कसा वापरावा

शब्दसंपत्तीच्या चाचणीसाठी समानार्थी शब्दांचा सराव करायला मुख्यतः तीन साधनं मिळतात: तक्त्यांची पुस्तिका, मोबाइलवरचं क्विझ अ‍ॅप आणि दोन्ही बाजूंनी छापलेली कार्डं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी यांत कार्डंच सरस. तक्त्यात शब्द आणि त्याचा जोडीदार शेजारी शेजारी असतात. मूल दोन्हींवरून नजर फिरवतं आणि 'येतंय मला' असं त्याला वाटतं. कार्डावर उत्तर मागच्या बाजूला असल्यामुळे उलटण्याआधी ते आठवावंच लागतं, आणि चाचणीतही तेच करायचं असतं. पण सगळे संच सारखे नसतात, आणि चांगल्या संचातही घरी थोडी दुरुस्ती करावी लागते.

घेताना एक कार्ड उलटून बघा. मागे 'रवी, भास्कर, दिनकर, आदित्य, भानू, सविता, मित्र' अशी सूर्याची अख्खी यादी असेल तर तो संच ठेवून द्या. त्यातले पहिले दोन लक्षात राहतात, बाकीचे नुसते डोळ्यांखालून जातात. दोन, फार तर तीन शब्द आणि खाली एक पूर्ण वाक्य असावं. वाक्याला पर्याय नाही, कारण जोडीतल्या दोन शब्दांचं लिंग एकच असेल असं नाही. 'झाड' नपुंसकलिंगी, 'वृक्ष' पुल्लिंगी. 'अधोरेखित शब्दाऐवजी समानार्थी शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न आला की 'ते मोठे झाड पडले' याचं 'ते मोठे वृक्ष पडले' होतं. हवं असतं 'तो मोठा वृक्ष पडला'. शब्द बरोबर, तरी वाक्य चुकलं. कार्डावर वाक्य छापलेलं असेल तर ही चूक पहिल्याच दिवशी दिसते.

मग छपाई बघा. अनल म्हणजे अग्नी आणि अनिल म्हणजे वारा, फरक एका वेलांटीचा. तुरंग म्हणजे घोडा, तुरुंग म्हणजे कारागृह, तरंग म्हणजे लाट. नक्षीदार वळणाच्या अक्षरांत हे उकार-वेलांट्या हरवतात, तेव्हा अक्षर साधं आणि मोठं असलेलाच संच निवडा. कार्ड उजेडासमोर धरूनही बघा. कागद पातळ असला की मागचं उत्तर आरपार दिसतं, आणि मुलांना ते आपल्या आधी दिसतं!

रंगीत संचांचा सर्वांत मोठा दोष म्हणजे चित्रं. 'सूर्य' आणि 'भास्कर' या दोन्ही कार्डांवर तोच पिवळा गोळा असेल तर मूल चित्राला चित्र जोडतं, शब्द वाचतही नाही. पाण्याची कार्डं निळी आणि झाडांची हिरवी असा रंगभेद असेल तरी तेच होतं. चित्रावर कागदाची पट्टी चिकटवली की खरी परीक्षा सुरू होते. निर्मात्यांनी चित्र मागच्या बाजूला, उत्तराच्या शेजारी छापलं तर हा प्रश्नच उरणार नाही.

शब्दांची निवड नीट केली आहे का, हे ताडायला पाण्याचे शब्द बघा. जलज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, म्हणून कमळ. जलद म्हणजे पाणी देणारा, म्हणून ढग. जलधी म्हणजे पाणी धारण करणारा, म्हणून समुद्र. हे शेवटचे ज, द आणि धी समजले की नीरज, नीरद, नीरधी आणि अंबुज, अंबुद, अंबुधी वेगळे पाठ करावे लागत नाहीत. चांगल्या संचात ही फोड कार्डावर दिलेली असते. नसेल तर स्वतः लिहा. मात्र तिन्ही कार्डं एकाच दिवशी देऊ नका. सारखे दिसणारे नवे शब्द एकदम आले की एकमेकांत मिसळतात. आधी जलद पक्का करा ('लवकर' या अर्थाचा जलद मुलांना माहीत असतो, तोही सांगून टाका), दोन-तीन दिवसांनी जलज, मग जलधी. तिन्ही वेगवेगळे जमले की एकत्र मांडा. शुद्धलेखनही इथेच घ्या: एकटा लिहिताना 'अंबू' दीर्घ, जोडशब्दात 'अंबुज' र्‍हस्व. रवी आणि रविवार यांचंही तसंच.

काही शब्दांना दोन घरं असतात. मित्र म्हणजे सखा आणि सूर्यही, अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही, कर म्हणजे हात आणि किरणही. बहुतेक संच एकच अर्थ देतात आणि मुलाचं दुसरं, बरोबर उत्तर चूक ठरतं. अशा कार्डाच्या कोपऱ्यात दुसरा अर्थ पेन्सिलीने लिहा. म्हणूनच प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर असलेल्या कार्डांपेक्षा साधी जाड कार्डं बरी.

वापरायची रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेल्या खोक्याची. तीन कप्पे करा. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज नवी कार्डं पाचच, वेळ दहा-बारा मिनिटं, आणि दर वेळी गठ्ठा पिसायचा, नाहीतर मूल क्रम पाठ करतं. भास्करवरून सूर्य सांगणं सोपं, सूर्यावरून भास्कर आठवणं अवघड, म्हणून कार्डं दोन्ही बाजूंनी घ्या. उत्तर आधी तोंडी, मग पाटीवर. वेलांटी चुकली तर ते उत्तर चूकच धरा.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात. चार पर्यायांतून ओळखणं हा आठवण्याचा सराव नव्हे, पण शेवटच्या उजळणीला चालतं. चुकीचे पर्याय कसे निवडलेत त्यावर अ‍ॅपची पारख करा. 'आनंद'साठी हर्ष, आनंदी, दुःख, स्पर्श असे पर्याय असतील तर काम चोख आहे. आनंदी हे विशेषण, दुःख विरुद्धार्थी आणि स्पर्श फक्त कानाला जवळचा. हर्षासोबत टेबल, पेरू आणि बस असतील तर शब्द न कळताही उत्तर येतं. पुस्तिका तेवढी मोठ्यांनी जवळ ठेवावी, पडताळून बघायला.

काही संचांत कोरी कार्डं असतात, ती फार मोलाची. चाचणीत बरेच शब्द पाठ्यपुस्तकातून येतात, त्यामुळे आधी कवितांतले शब्द उतरवून घ्या. कवितेत 'नभी' असेल तर कार्डावर 'नभ' असं मूळ रूप लिहा. मागे आकाश, गगन, आणि खाली ज्या ओळीत तो शब्द भेटला ती पूर्ण ओळ.