घरी नेण्याचा केमो पंप: बारा सायकलींनंतरचा अभिप्राय

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर वडिलांना फॉलफॉक्स ही अनेक औषधे एकत्र असलेली केमोथेरपी द्यायची ठरली, तेव्हा डॉक्टरांनी आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले. दर खेपेला दोन रात्री रुग्णालयात भरती व्हायचे, किंवा औषध भरलेला पंप अंगाला लावून घरी जायचे. आम्ही पंप निवडला. दर १४ दिवसांनी एक, अशा १२ सायकली, म्हणजे केमोच्या फेऱ्या, आता पूर्ण झाल्या आहेत, आणि हाच निर्णय घेण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण एकदा वापरून टाकून द्यायचे असे पंप अनेक कंपन्या बनवतात, त्यांची रचना बहुतांशी सारखीच असते आणि रुग्णालय जो ठेवते तोच आपल्या वाट्याला येतो.

पंप म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर मोटर, बॅटरी आणि लुकलुकणारे दिवे आले होते. प्रत्यक्षात हातात पडली ती तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची नळकांडी आणि तिच्या आत औषधाने टम्म फुगलेला रबरी फुगा. फुगा आकसत जातो आणि औषध बारीक नळीतून पुढे सरकते. यापलीकडे त्यात यंत्र असे काही नाही. छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे औषध देण्यासाठीच्या छोट्या डबीत, सुई टोचून ही नळी जोडतात, आणि तिथून औषध हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. आत असते फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे १९५७ पासून माहीत असलेले जुने औषध. ते रक्तातून काही मिनिटांतच नाहीसे होऊ लागते आणि मुख्यतः विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींवर काम करते, म्हणून ते एकदम न देता सलग ४६ तास देतात. एवढे साधे कारण आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते, तर ‘दोन दिवस कशाला, जरा लवकर नाही का संपणार?’ हा वडिलांचा प्रश्न चार सायकलींपर्यंत लांबला नसता.

या वस्तूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा मुकेपणा. आवाज नाही, चार्जिंग नाही. कमरेच्या कापडी पिशवीत ती ठेवून वडील घरभर फिरत, खुर्चीत वाचत बसत आणि रात्री स्वतःच्या पलंगावर झोपत. पण हाच मुकेपणा तिचा सर्वांत मोठा दोषही आहे, कारण काही बिघडले तरी ती बोलत नाही. नळीला पीळ पडला, नळीवरचा चिमटा चुकून बंद राहिला किंवा औषध वाहायचे थांबले, तरी सूचना देणारे काहीच नसते. पहिल्या काही तासांत फुगा लहान झालेला डोळ्यांना दिसतही नाही. पहिल्या रात्री मी तीनदा उठून टॉर्चच्या उजेडात तो पाहिला आणि तिन्ही वेळा तो तेवढाच वाटला. सकाळी मात्र त्यावर पडलेल्या सुरकुत्या स्पष्ट दिसल्या. तेव्हापासून आम्ही सकाळ-संध्याकाळ एकाच कोनातून त्याचा फोटो काढू लागलो. हा उपाय फुकटचा आहे, आणि माझ्या मते माहितीपत्रकातल्या सगळ्या चित्रांपेक्षा अधिक कामाचा आहे.

तिसऱ्या सायकलीत मात्र आम्ही फसलो. औषधाचा वेग ठरवणारा एक छोटा चपटा तुकडा नळीवर असतो, आणि तो चिकटपट्टीने कातडीला घट्ट लावून ठेवावा लागतो. द्रव गरम झाला की तो पातळ होऊन वेगाने वाहतो, गार झाला की मंदावतो, म्हणून शरीराच्या स्थिर उबेवर वेग बेतलेला असतो. त्या रात्री चिकटपट्टी सुटली, तुकडा सदऱ्याच्या बाहेर लोंबत राहिला आणि खोली थंड होती. ठरलेल्या वेळी डे-केअरमध्ये, म्हणजे भरती न करता उपचार देणाऱ्या विभागात, पोहोचलो, तेव्हा फुग्यात औषध शिल्लकच होते. ते संपेपर्यंत डे-केअर विभाग बंद झाला, आणि पंप काढण्यासाठी आम्हाला तातडीच्या विभागात जावे लागले. दहा मिनिटांच्या कामाचे तिथले बिल नेहमीच्या बिलाच्या कितीतरी पट आले. चूक आमची होती हे मान्य आहे, पण पंप थोडा पुढे-मागे संपू शकतो हे रुग्णालयाने आधी सांगून सायकल सकाळी लवकर सुरू केली असती, तर तो भुर्दंड टळला असता. पुढच्या सगळ्या सायकलींत आम्ही पहिली वेळ मागून घेतली.

औषध उशिरा संपले तर निव्वळ गैरसोय होते, पण ते वेळेच्या खूप आधी संपले तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयाला कळवावे. जास्त मात्रेवर युरिडीन ट्रायअॅसिटेट हा उतारा आहे, अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, परंतु तो औषध थांबल्यापासून ९६ तासांच्या आतच द्यायचा असतो. काही जणांच्या शरीरात हे औषध मोडणारे डीपीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असते आणि त्यांना नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. त्याची तपासणी झाली आहे का, हे पहिला पंप लागण्यापूर्वी विचारावे. आम्हाला ते तिसऱ्या भेटीत सुचले.

आता पैशांविषयी. पंपामुळे खाटेचे दोन दिवसांचे भाडे वाचते, हे खरे आहे आणि रुग्णालयातही तेवढेच सांगतात. प्रत्येक खेपेचा नवा पंप, पोर्टची विशिष्ट सुई, ड्रेसिंग, पंप काढण्याचे शुल्क आणि त्यासाठीचा जादा प्रवास यांची बेरीज कुणी मांडून देत नाही. ती माझ्या बहिणीने एका वहीत मांडली. तरीही पंप स्वस्तच पडला, पण ऐकले होते तितका नव्हे. शिवाय आमची विमा पॉलिसी भरती झालेल्या रुग्णाचाच खर्च देणारी निघाली, त्यामुळे पहिला दावा फेटाळला गेला. डे-केअर उपचारांचे कलम शोधून, डॉक्टरांचे पत्र जोडून दुसऱ्यांदा अर्ज केल्यावर उपचाराचे पैसे मिळाले, मात्र पंप ‘वापरून टाकण्याची वस्तू’ ठरून आमच्याच अंगावर पडला. पॉलिसीतला वगळलेल्या वस्तूंचा तक्ता आधी वाचला असता, तर निदान धक्का तरी बसला नसता.

कोणत्याही पावतीवर न येणारा खर्च वेगळाच आहे. रुग्णालयात जे काम परिचारिका करते, ते घरी कुणाला तरी करावे लागते, आणि आमच्याकडे त्यासाठी दर पंधरवड्याला माझी दोन दिवसांची रजा जात होती. हातमोजे घालून कपडे वेगळे धुणे, पंप असेपर्यंत आणि पुढचे ४८ तास शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडणे, औषध सांडले तर वापरायचा संच हाताशी ठेवणे, ताप ३८ अंश सेल्सिअसला पोहोचला की वेळ न पाहता फोन करणे, हे सगळे घराच्या वाट्याला येते. त्याच सायकलीतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या केमो औषधामुळे थंड वस्तूला हात लागला की वडिलांच्या बोटांना मुंग्या येत, म्हणून फ्रिजचे दार उघडणेही आमच्याकडे आले. पंपाचा त्यात काही दोष नाही, पण घरी माणूस नसेल तर तो सोयीचा राहत नाही.

ज्यांना पंप नकोच वाटतो, त्यांनी डॉक्टरांना केपसिटाबिनच्या गोळ्यांविषयी जरूर विचारावे. शरीरात गेल्यावर त्यांचे फ्लुरोयुरॅसिलच होते, आणि सुईची कटकट राहत नाही. मात्र रोज दोन वेळा न चुकता गोळ्या घ्याव्या लागतात, तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास त्यांत अधिक होतो आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलावी किंवा बेत सोडावा लागतो. वडिलांच्या बाबतीत याच शेवटच्या कारणाने तो पर्याय बाद झाला.

पुन्हा निवडायची वेळ आली तर मी पंपच निवडेन, पण पहिल्या सायकलीआधी सर्व वस्तूंचे लेखी दरपत्रक आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक मागून घेईन. शेवटचा पंप निघून काही आठवडे झाले आहेत. पोर्ट अजून तसाच आहे. पुढचे स्कॅन झाल्यावर तो काढायचा की नाही हे ठरेल, तोवर त्यातून ठरावीक काळाने सलाइन सोडून घ्यावे लागते, आणि त्याची पावती बहिणीच्या त्याच वहीत चिकटवली जाते.